वैकुंठ आणि स्पिरितु सांतु

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव निघाले की मराठी माणसाला हटकून मराठी भाषेच्या थोरवीच्या त्या चार-सहा ओव्या आठवतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून पाठ करून घेतल्या. आम्हा सीमाभागातल्यांना तर त्या विशेष जवळच्या. भाषेच्या प्रश्नावरचे भाषण असो वा वाचनालयाचा वर्धापनदिन असो, ‘एका इंग्रज माणसालासुद्धा मराठीची गोडी कळली’ असे म्हणून या ओव्या म्हटल्या की टाळी हमखास मिळते. टाळी वाजते, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो आणि अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांचे ते पुराण पुन्हा कपाटात जाते. मराठीचा अध्यापक म्हणून मी तीन तपे काढली. ‘ख्रिस्तपुराण’ अथपासून इतिपर्यंत वाचलेली माणसे मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

याच्या उलट दुसरी एक वृत्ती आहे. ती म्हणते, हे मिशनऱ्यांचे वाङ्मय. धर्मप्रसार हा त्याचा हेतू. जिथे हेतू आधी ठरलेला, तिथे साहित्य कुठले? वाङ्मयाच्या इतिहासात मग ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ नावाचा एक वेगळा कप्पा तयार होतो. त्यात स्टीफन्स, बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक यांना नीट घडी घालून ठेवतात आणि कप्पा बंद करतात. टाळी वाजवणारे आणि कप्पा बंद करणारे यांच्यात एक गोष्ट समान आहे. दोघेही वाचत नाहीत.

हेतू आधी ठरलेला असला की साहित्य होत नाही हे म्हणणे मला मान्य नाही. तसे असते तर ज्ञानेश्वरीपासून दासबोधापर्यंत आपले निम्मे वाङ्मय बाद झाले असते. पण श्रद्धा उत्कट आहे म्हणून लेखन चांगले होते, हेही खरे नव्हे. मनापासून लिहिलेली आणि अतिशय कंटाळवाणी अशी भक्तिपर पुस्तके सर्व धर्मांत रगड आहेत. मग श्रद्धेचे साहित्य होते ते केव्हा? ख्रिस्ती मराठी लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न फार चांगला तपासता येतो. त्यांची श्रद्धा आणि त्यांची भाषा ही दोन वेगवेगळ्या घरांतून आली होती. ज्ञानेश्वरांना विठ्ठलासाठी शब्द शोधावा लागला नाही. तो अंगणातच होता. स्टीफन्सला प्रत्येक शब्दासाठी शेजाऱ्याचे दार वाजवावे लागले.

स्टीफन्सचा जन्म इंग्लंडमधल्या विल्टशरचा. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, इथेच राहिला. त्यातला बहुतेक काळ साष्टीत गेला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. आल्यापासून चार वर्षांत एवढे ध्यानात येणारा माणूस कानाने तयार असला पाहिजे.

परंतु त्या साष्टीत तेव्हा काय चालले होते हे झाकून ठेवून स्टीफन्सचे गोडवे गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गोव्यात इन्क्विझिशन बसले १५६० साली. त्याच दशकात साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले आणि पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स या सगळ्याच्या मधोमध वावरत होता, आणि सत्तेच्या बाजूने वावरत होता. जुन्या पोथ्या लोकांकडून काढून घेतल्या गेल्या होत्या. पुराण ऐकायची सवय लागलेल्या माणसांचे कान रिकामे झाले होते.

हे मी बाहेरून जोडत नाही. खुद्द ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच हा प्रसंग आहे. साष्टीतल्या देवळात धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. काढून घेणारा हात आणि देणारा हात एकच. कवीने हे लपवले नाही, उलट तेच आपल्या ग्रंथाचे निमित्त म्हणून सांगितले. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात विनंती आहे तशीच तक्रारही आहे. स्टीफन्सला ती ऐकू आली होती की नाही हे ठरवायला मार्ग नाही, पण ओव्यांत ती उतरली आहे. ग्रंथावर प्रेम करणाऱ्यांनी आणि ग्रंथ टाकून देणाऱ्यांनी, दोघांनीही निदान हा पहिला अवस्वर तरी वाचावा. (स्टीफन्स अध्यायाला अवस्वर म्हणतो. पहिल्या पुराणाचे ३६, दुसऱ्याचे ५९.)

आता शब्दांकडे वळू. ख्रिस्ताचा स्वर्ग मराठीत आणायचा. त्याला काय म्हणावे? स्टीफन्स सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. विष्णूचे घर घेऊन त्यात तो आपल्या देवाला राहायला नेतो! परमेश्वर, मोक्ष, पुण्य अशी सगळी ओळखीची मंडळी त्याच्या ओव्यांत वावरतात. मंगलाचरण आहे, श्रोत्यांना उद्देशून बोलणे आहे, साडेतीन चरणांची सैल, मुक्काम घेत चालणारी ओवी आहे. डोळे मिटून ऐकले तर आपल्या एखाद्या पोथीवाचनाला बसल्यासारखे वाटते.

पण मधेच कुठेतरी दगड लागतो. पवित्र आत्म्याला स्टीफन्स ‘स्पिरितु सांतु’ म्हणतो. क्रूस तसाच राहतो. बाप्तिस्मा तसाच राहतो. ज्याने वैकुंठ बिनदिक्कत उचलले, त्याला आत्म्यासाठी मराठी शब्द सापडला नसेल यावर माझा विश्वास नाही. ‘आत्मा’ समोरच होता. पण ‘आत्मा’ म्हटले की त्याच्यामागून सगळे वेदान्त आत शिरले असते. वैकुंठ हे ठिकाण आहे, ठिकाणाचा मालक बदलता येतो. आत्म्याचा मालक बदलणे कठीण. स्टीफन्स इथे थबकला. त्याच्या संप्रदायाचीही शिस्त होती की मुख्य तत्त्वांची नावे तशीच ठेवावीत, नव्या माणसांचा घोटाळा होऊ नये.

मला ‘ख्रिस्तपुराण’ आवडते ते या दोन शब्दांमुळे, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत म्हणून. कुठे धाडस करायचे आणि कुठे हात आखडायचा हे कवी ओवीगणिक ठरवतो आहे, आणि त्याचे ठरवणे आपल्याला दिसते. सगळे शब्द मराठी करून टाकले असते तर भाषांतर झाले असते. सगळे पोर्तुगीज ठेवले असते तर प्रश्नोत्तरी झाली असती. ती प्रश्नोत्तरीही त्याने लिहिली आहे, कोकणीत. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. धर्मशिक्षणाचे पुस्तक म्हणून तिचे मोल आहे, गद्याच्या अभ्यासकाला ती लागतेच, पण ती कोणी आवडीने वाचणार नाही. लेखक तोच, श्रद्धाही तीच. प्रश्नोत्तरीत उत्तरे हाताशी होती. पुराणात ती शोधावी लागली.

शब्द शोधण्याची ही अडचण आपल्या भागातल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत कानडी-इंग्रजी, आणि मुलांच्या तोंडी तिन्हींचे कालवण. कोणता शब्द आपला करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा हे आपण दिवसातून पन्नास वेळा ठरवतो. बारशाचा शब्द बदलत नाही, उताऱ्याच्या कागदावरचा सहज बदलतो. स्टीफन्सने तर प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे की ग्रंथ मराठीत आहे, कारण देवाच्या गोष्टींना ती योग्य वाटली. पण सामान्यांना कळावे म्हणून शुद्ध मराठीतले अवघड शब्द वगळून तिथल्या ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो तिच्यातले, शब्द त्याने मिसळले आहेत. गोव्यात मराठी-कोकणीचा वाद पेटला की दोन्ही पक्ष स्टीफन्सला साक्षीला बोलावतात. मराठीवाले ‘ख्रिस्तपुराण’ दाखवतात. कोकणीवाले त्याचे १६४० साली छापलेले कोकणीचे व्याकरण दाखवतात. दोघांचेही बरोबर आहे. साक्षीदार मात्र कोणाचाच होत नाही. त्याला दोन्ही भाषा लागत होत्या, एक शिकवायला आणि एक गायला.

ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. देशी लिपीचे खिळे पाडावेत ही त्याची इच्छा १६०८ च्या पत्रात दिसते. जोडाक्षरांसकट शेकडो खिळे पाडावे लागले असते, ते जमले नाही. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ठाऊक नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पाद्रीने पुराण दिले आणि पुढे त्याच राज्याने त्या पुराणाची भाषाच काढून घेतली! मग ते टिकले कसे? हाताने उतरून. गोव्यातून निघून कॅनरात, मंगळूरकडे वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जुन्या पोथ्या जपल्या आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीतलीच आवृत्ती काढली. म्हणजे हा मराठी ग्रंथ कानडी मुलखाने वाचवला. लंडनच्या मार्सडन संग्रहात देवनागरीतली एक पोथीही सापडली, तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. १९५६ साली शांताराम बंडेलूंनी पुण्यात देवनागरी आवृत्ती छापली तेव्हा कुठे सर्वसाधारण मराठी वाचकाला पुराण डोळ्यांनी पाहता आले. मधे तीनशे चाळीस वर्षे गेली. त्यानंतर १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांची आवृत्ती आली. आता ‘मिळत नाही’ ही सबब उरलेली नाही.

स्टीफन्सच्या मागोमाग १६२९ साली एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्रीचे संत पीटरवरचे पुराण आले. हाही ओवीबद्ध, हाही प्रचंड. ला क्रुआने आपली पुराणे बारकाईने वाचली होती, बहुधा स्टीफन्सहून अधिक. पण त्याने ती खंडनासाठी वाचली. प्रतिपक्षाचे देव घेऊन एकेकाचा समाचार घेण्यात ओव्यांमागून ओव्या खर्ची पडतात. विद्वत्ता दिसते, चरण चालत राहतात, आणि वाचक दमतो. त्याने शेजाऱ्याचे दार वाजवले ते भांडायला.

यापुढची दोन शतके मी ओलांडतो, कारण सांगण्यासारखे फार नाही. थेट आपल्या बेळगावात येऊ.

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले, आणि १८५४ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. ज्या वर्षी उत्तरेत तोफा धडाडत होत्या त्या वर्षी मराठीत हिंदू विधवांच्या स्थितीवर एक गोष्ट छापली जात होती. आपल्या गावच्या माणसाचे हे पुस्तक म्हणून त्याचे कौतुक करावे असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते. पण समीक्षकाने गाववाल्याला सवलत देऊ नये.

‘यमुनापर्यटन’ची दोन अंगे आहेत. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव गावोगाव फिरतात आणि जिथे जातील तिथे त्यांना विधवा भेटतात. कोणी केशवपन टाळण्यासाठी धडपडते, कोणी घरातल्यांच्या धाकात पिचते. हे लिहिताना बाबांजवळ तयार काही नव्हते. कादंबरी हा प्रकारच मराठीत नव्हता. बायका आपापसात कशा बोलतात ते कागदावर कसे आणायचे याचा नमुना नव्हता. म्हणून ते कान देतात, आणि एकेक बाई उभी राहते. पुढे विनायकराव वारतो, यमुनेवर स्वतःवरच ती पाळी येते, आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. इथून पुस्तक निस्तेज होत जाते. ख्रिस्ती धर्म आला म्हणून नव्हे. यमुनेच्या दुःखाला उत्तर बाबांच्या खिशात आधीपासून होते, आणि ते त्यांनी वेळ झाल्यावर काढून दिले. माझा आक्षेप एवढाच. यमुनेने ते स्वतः शोधलेले आपल्याला दिसत नाही. विधवेचे दुःख पाहताना बाबा लेखक आहेत, ते निवारताना उपदेशक आहेत. हरिभाऊ आपट्यांची यमू याच्या पुढच्या काळातली. तिच्या दुःखाला उत्तर नाही, आणि ती आपल्याला सोडत नाही.

तरी एक गोष्ट बाबांच्या पदरात घातलीच पाहिजे. त्यांची पर्यटन करणारी नजर मिशनच्या शाळेने दिली होती. घरच्याच माणसाला घरातले दुःख परक्यासारखे उठून दिसावे यासाठी थोडे बाहेर जावे लागते. बाबा बाहेर गेले आणि भाषा बरोबर घेऊन गेले.

आपल्या दुसऱ्या भाषेतही डोकावून पाहण्यासारखे आहे. कानडी शब्दकोशामुळे ज्याचे नाव आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते त्या फर्डिनंड किट्टेलने ख्रिस्ताची कथा कानडी छंदांत बांधली होती. १८६२ ची ‘कथामाले’ ती. आणि मंजेश्वरच्या गोविंद पैंनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसावर ‘गोल्गोथा’ हे खंडकाव्य लिहिले. पै ख्रिस्ती नव्हते. मायबोली कोकणी, लेखन कानडीत. ख्रिस्ताच्या मरणाचे काव्य लिहायला ख्रिस्ती असावे लागत नाही हे त्यांनी दाखवले. ‘ख्रिस्ती साहित्य’ असा कप्पा करणाऱ्यांनी पैंना कोणत्या खणात ठेवायचे ते ठरवावे!

चित्रकलेतलेही एक उदाहरण देतो, ते आपल्या शेजारचेच आहे. सांत इस्तेव्ह बेटावरचा आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात जाऊन शिकला आणि त्याने मेरीला साडी नेसवली, सावळी केली, भुईवर बसवली. गोव्यातल्या त्या वेळच्या धर्मनिष्ठांना हे रुचले नाही. गोरी, निळ्या झग्यातली मेरी त्यांना आपली वाटत होती. आपल्या आईसारखी दिसणारी परकी वाटली. फोन्सेकाने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून उरलेले आयुष्य चित्रे काढली. वैकुंठ हा शब्द वापरणाऱ्याला शेजारीच अडवतो असे नाही, घरचेही अडवतात.

घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी, दोघांशी एकाच वेळी ज्याला नीट वागावे लागले तो कवी नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचकाने त्यांना जपले. त्यांची भजने मात्र चर्चच्या भिंतीआड राहिली. वास्तविक टिळकांचे खरे साहस या भजनांत आहे. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. हे नुसते बोलणे नव्हते. त्यांनी अभंग उचलला, ख्रिस्ती मंडळींत कीर्तन उभे केले, आणि ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणून हाक मारली. विलायती चालींवर अडखळत म्हटल्या जाणाऱ्या भाषांतरित गीतांच्या जागी पेटी-तबल्यावर म्हणता येईल असे काही आले. आजही अहमदनगर भागातल्या एखाद्या खेड्यातल्या उपासनेला गेलात तर टिळक ऐकू येतील.

‘माउली’ हा शब्द स्टीफन्सच्या ‘वैकुंठा’हून पुढचा आहे. वैकुंठ ही जागा होती. माउली हे नाते आहे. वारकऱ्याने ज्या शब्दात ज्ञानोबांना आणि विठ्ठलाला हाक मारली त्यानेच येशूला हाक मारली की येशूच्या स्वभावातही फरक पडतो. न्यायाच्या दिवशी सिंहासनावर बसणारा राजा मागे सरतो आणि लेकराची वाट पाहणारी आई पुढे येते. टिळकांनी वारकऱ्यांचे भांडे घेऊन त्यात आपले दूध ओतले असे कोणी म्हणेल. मला वाटते, भांड्याचीही चव दुधाला लागली.

तरीही टिळकांत मला एक उणीव जाणवते. तुकोबांचे भांडण त्यांच्यात नाही. तुकोबा देवाला धारेवर धरतात, तो आहे की नाही अशी शंका घेतात, हाती काही लागले नाही म्हणून कासावीस होतात. टिळकांना देव सापडलेला आहे. त्यांची आर्तता स्वतःच्या अहंकाराबद्दल असते, देवाबद्दल नसते. म्हणून त्यांचे पुष्कळ अभंग गोड आहेत, पण गोडीच्या पलीकडे जात नाहीत. भांडण त्यांनी आयुष्यात केले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. पण दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. त्या शेवटच्या भांडणातून कविता यायची राहिली.

आपल्या काळातही हा धागा तुटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे ‘सुबोध बायबल’ करताना वर्षानुवर्षे ज्या अडचणी सोडवल्या, त्या स्टीफन्सच्याच अडचणी होत्या : कोणता शब्द ठेवायचा, कोणता आपला करायचा. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर झाली तेव्हा काही ठिकाणांहून विरोध झाला. विरोध त्यांच्या लेखनाला नव्हता. त्यांच्या झग्याला होता. स्टीफन्सच्या ओव्यांना टाळ्या देणारा समाज चारशे वर्षांनंतर ‘हा आपला कसा?’ असे विचारत होता. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत वारले. श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांच्या मराठीप्रेमाचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांच्या वाक्यरचनेबद्दल कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांना मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्या स्वतःला लेखिका समजत नव्हत्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने बालपण हैराण झाले. बाजारातून आलेला जिन्नससुद्धा पाण्यातून काढावा लागे. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा एक दिवस ख्रिस्ती होतो आणि घर मोडते. जवळपास पाच वर्षांनी त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली त्या वारल्या आणि चौथा भाग त्यानंतर निघाला.

या पुस्तकात धर्मांतर आहे, पण प्रवचन नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाचा आकांत त्या लपवत नाहीत, आणि पुढे आपण ख्रिस्ती झालो म्हणून तो आकांत चुकीचा होता असेही म्हणत नाहीत. पंढरपुरात काढलेले दिवस, मग नगरला नवऱ्याच्या जवळ पण वेगळ्या चुलीवर केलेला संसार, मग हळूहळू सुटत गेलेले सोवळे : एकेक पायरी त्या सांगतात. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनात उजाडते ते शास्त्रार्थातून नव्हे. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, जेवण कोणाच्या पंगतीला, अशा रोजच्या प्रश्नांतून ते येते. त्यांच्या श्रद्धेचा इतिहास हा स्वयंपाकघराचा इतिहास आहे. घरखर्चाचे पैसे घेऊन बाजारात गेलेला कवी नवरा भलतेच काही घेऊन परत येतो तेव्हा त्या चिडतात आणि आपल्याला हसू येते. त्या माणसावरची त्यांची माया आणि त्याच्या देवावरची श्रद्धा एकमेकांत इतकी मिसळली आहे की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगता येत नाही. यमुनेच्या कथेत बाबा पदमनजींना जे साधले नाही ते इथे साधले आहे. उत्तर आहे, पण ते आयुष्यभर चालून मिळालेले आहे, आणि चाललेली वाट वाचकासमोर पडली आहे.

यातली गंमत अशी की लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती काव्य म्हणून जे लिहिले ते दुसरेच आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले होते. दहा-अकरा अध्यायांपुढे ते त्यांच्या हातून गेले नाही. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी केला. नवऱ्याचे काम पुरे करायचे ही त्यामागची निष्ठा मोठी आहे, ओव्याही सरळ आणि स्वच्छ आहेत; पण तिथे कथा आधीच माहीत आहे आणि चाल टिळकांची आहे. मी ‘ख्रिस्तायन’ आदराने वाचले. ‘स्मृतिचित्रे’ मात्र आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचले आहे. सध्याच्या प्रतीचा पुठ्ठा निघाला आहे आणि सून ते आपल्या कानडी मैत्रिणीला वाक्यावाक्याला थांबून, अर्थ सांगत वाचून दाखवते. ‘सोवळे’ शब्दाशी त्या दोघी थांबतात. कानडीत त्याला ‘मडी’ म्हणतात, म्हणजे तो मैत्रिणीला लगेच कळतो.